वानरांची वर्गणी

लोकांच्या दारात उभं राहून मागायची लाज वाटत नाही का, असं मला पुष्कळांनी विचारलं. पहिल्या वर्षी वाटायची. पुढे ती कुठे गेली कळलं नाही, आणि मीही काही तिला शोधायला गेले नाही. शाळेसाठी मागणारे होते, गोशाळेसाठी होते, देवळाच्या कळसासाठी मागणारे तर गल्लोगल्ली होते. मी वानरांसाठी मागायचे. दार उघडणाऱ्याला वाटायचं आपल्याला नीट ऐकू आलं नाही. "कुणासाठी?" "वानरांसाठी." "म्हणजे माकडं?" "माकडं वेगळी. ही काळ्या तोंडाची, लांब शेपटीची." एवढं होईपर्यंत एक तर दार बंद व्हायचं, नाहीतर आतून आणखी कुणीतरी हसत बाहेर यायचं. हसणारा माणूस सहसा काहीतरी देतो. कपाळाला आठ्या घालून पाऊण तास प्रश्न विचारणारा बहुतेक वेळा चहा पाजून वाटेला लावतो.

ही साठ सालाच्या आसपासची गोष्ट. माझं माहेर पौडचं आणि सासर पुण्याचं. नवरा छापखान्यात खिळे जुळवायचा, त्यात घर ओढत ओढत चालायचं. आमच्या पेठेत दातांचे एक डॉक्टर होते. तरुणपणी त्यांनी शिकार पुष्कळ केली आणि एक दिवस बंदूक विकून टाकली. का विकली ते त्यांनी कधी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. त्यांनी चार मित्र जमवून एक मंडळ काढलं. मुळशीच्या डोंगरातली जंगलं तेव्हा कोळशासाठी धडाधड तुटत होती. एका खोऱ्यात भट्ट्या पेटायच्या, ते खोरं बोडकं झालं की पुढचं. झाडं गेली की वानरांचा कळप जायचा कुठे? शेतात उतरायचा, मार खायचा, नाहीतर पकडणाऱ्यांच्या जाळ्यात जायचा. आपल्या लहानपणी पौडच्या वरच्या अंगाला सकाळी हुप्प हुप्प ऐकू यायचं ते आता येत नाही, हे मला डॉक्टरांनी सांगितल्यावर जाणवलं. मंडळाला वर्गणी गोळा करायला माणूस हवं होतं. पुण्यात बोलता येईल आणि डोंगरात चालता येईल असं. डॉक्टर म्हणाले, "बाई, तुमच्या जिभेला धार आहे, पाय मावळातले आहेत. आणखी काय पाहिजे?" मी म्हटलं, पगार पाहिजे. तोही मिळाला, थोडका, पण वेळेवर.

पैशाचं तुम्ही करता काय, हा दुसरा प्रश्न ठरलेला. वानरांना केळी घालता का? नाही हो. वानराला केळं घालणं म्हणजे त्याला बिघडवणं. त्याला पाला लागतो, उंबरं लागतात, कोवळे शेंडे लागतात, आणि ते सगळं त्याचं तो बघून घेतो, झाडं तेवढी उभी पाहिजेत. आमचा पैसा माणसांवरच खर्च व्हायचा. उन्हाळ्यात वणवा येऊ नये म्हणून जंगलाभोवती गवताचा पट्टा जाळून ठेवायचा, त्याला मजुरी. कुणाची नाचणी वानरांनी खाल्ली तर त्याच्या घरी चार पायली धान्य नेऊन द्यायचं, म्हणजे तो गोफण घेऊन मागे लागत नाही. आणि सगळ्यात मोठा खर्च म्हणजे गावाला झाड विकावंसं वाटू नये याची सोय. हे शेवटचं दारात उभं राहून समजावून सांगायला फार कठीण. म्हणून मी वानरांचंच सांगायचे. पिल्लाला पोटाशी धरून आई कशी उडी मारते ते मी इतक्यांदा सांगितलंय की शेवटी शेवटी मला स्वतःलाच कंटाळा यायचा.

देणारेही एकेक नमुने. एका तालमीतले पैलवान दर शनिवारी मारुतीला आलेले नारळ आमच्यासाठी बाजूला ठेवायचे. ते विकून पैसे करायचे काम माझं. मंडईत मला कित्येक जण नारळवालीच समजत. एका निवृत्त मामलेदारांनी हातविणीचे जुने स्वेटर गाठोडं बांधून दिले, डोंगरात थंडी असते म्हणून. मी ते घेतले आणि राखणदारांच्या पोरांना वाटले. कोट-टोपीतल्या एका गृहस्थांनी भरघोस देऊ केलं, अट एकच, कळपातल्या सगळ्यात चिडक्या वानरीला त्यांच्या सासूबाईंचं नाव द्यायचं. मी विचारलं, सासूबाईंना कळवायचं का? म्हणाले, कळवायचं तर मुख्य आहे. ते पैसे मी घेतले नाहीत. सासूबाई आमच्याच आळीत राहायच्या आणि दरवर्षी मला डाळीचं पीठ देत, हे त्याचं खरं कारण. पिरंगुटकडचा एक बागायतदार म्हणाला, "दितो की. पर मारायला दितो." त्याच्याशी मी दोन वर्षं भांडले. तिसऱ्या वर्षी तो पेरूच्या दोन पाट्या घेऊन स्वतःच मंडळात आला. का आला ते त्यालाही सांगता येईना.

या सगळ्यांपेक्षा मोठं गिऱ्हाईक म्हणजे दामूशेट. तांब्या-पितळेच्या भांड्यांचे घाऊक व्यापारी, साठीला आलेले, अंगानं बारीक, बोलायला कमी. त्यांच्या दुकानात भांडं घेतलं की लोक ते दुसरीकडे वजन करून बघत नसत. शेट म्हणाले एवढं वजन, म्हणजे तेवढं. ते स्वतःही हे जाणून होते आणि त्याचा त्यांना ताठा होता. त्यांच्याकडे मी वर्षभर जात होते. दर वेळी एकच उत्तर, "मी न पाहिलेल्या मालाला पैसे देत नाही." मी म्हणायचे, मग चला बघायला. ते म्हणायचे, बघू.

आणि नेमकं त्या वर्षी दामूशेटांवाचून आमचा इलाज राहिला नाही.

मुळशीच्या तलावाच्या वरच्या अंगाला एक गाव होतं. नाव मुद्दाम देत नाही, तिथली माणसं अजून आहेत. धरणात गावाची खालची जमीन गेली, तेव्हा गाव वर सरकलं. गावाच्या माथ्यावर देवीची राई. राई म्हणजे देवीच्या नावानं राखलेलं रान. त्यातलं वाळकं लाकूडसुद्धा कुणी चुलीला आणत नाही. आजूबाजूचे डोंगर उघडे पडले, तशी वानरं त्या राईत गोळा झाली होती. त्या बाजूचा शेवटचा मोठा कळप म्हणायचा तर तोच. देवी मध्यभागी दगडाच्या चौथऱ्यावर, डोक्यावर छप्पर नाही. कोळशाच्या ठेकेदाराचा मुकादम त्या वर्षी होळीनंतर गावात येऊन बसला. त्यानं पुरुषांना सांगितलं, राई आम्हाला द्या, तुमच्या देवीला खाली रस्त्यालगत पत्र्याचं पक्कं देऊळ बांधून देतो, वर गावाला पैसे. गावाची जमीन तलावाखाली, पोरं मुंबईला गिरणीत. पुरुष विरघळले यात नवल काय? मला त्यांचा तेव्हाही राग आला नव्हता.

देवीचे पुजारी बाबू गुरव. म्हातारे, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, समोर माणूस उभं आहे एवढंच त्यांना कळायचं. त्यांनाही देऊळ हवं होतं. पत्र्याखाली बसून देवीची पूजा करायची, रस्त्यावरच्या माणसांनी नारळ फोडायचे, यात त्यांचं काही चुकत नव्हतं. त्यांची बायको हौसाकाकू मात्र पहिल्या दिवसापासून विरोधात. रोज पहाटे राई झाडायचं काम तिचं. मी एकदा तिला विचारलं, काकू, देऊळ झालं तर तुमचं काय वाईट होणार आहे? तिनं झाडू बाजूला ठेवला.

"बाई, लगीन होऊन आले तवा मी एवढीशी हुते. घरात सासू, दीर, नवरा, सगळ्यांची हाळी. ह्ये झाडायला यायचे तेवढीच माजी सुटका. हितं बसते घटकाभर. वर ती पाला खात्यात, खाली मी बसते. कुणी हाक मारत न्हाई. रस्त्याच्या देवळात मला कोन बसू दील?"

मी पुण्यात वर्षानुवर्षं वानरांची बाजू मांडली, पण या बाईचं दुखणं काय आहे ते मी कुठल्याच दारात सांगितलं नव्हतं. सांगून पैसे मिळाले असते असंही नाही.

डॉक्टर म्हणाले, गावाला आपण दरवर्षी काही द्यायचं कबूल केलं तर गाव मुकादमाला वाटेला लावेल. गाव कबूल झालं. पण तेवढं दरसाल देणार कोण? दामूशेट. त्यांच्याच्यानं होणार होतं आणि दुसऱ्या कुणाच्यानं नव्हतं. मी दुकानात जाऊन बसले ती उठेचना. शेवटी ते म्हणाले, "चला. पण मला वानरं दिसली पाहिजेत. दिसली तर देतो, नाही दिसली तर पुन्हा दुकानात यायचं नाही."

आता पुढे जे झालं ते आमच्या मावळातल्या माणसांनाच सुचू शकतं. मी निरोप पाठवला होता की शेट येतायत, मोठा माणूस आहे, नीट बघा. नीट बघा म्हणजे मला म्हणायचं होतं की गडबड करू नका. गावानं नीट बघितलं. पाहुणा वेशीवर आला आणि वाजतगाजत नेला नाही तर गावाची अब्रू जाते, ही इथली रीत. लग्नातल्या वऱ्हाडालासुद्धा ढोलाशिवाय आत घेत नाहीत, मग पुण्याचा शेट तसाच कसा चढेल? शेटांची मोटार तलावाच्या काठाला थांबली, आम्ही चढून वर आलो, आणि वळणावर चार ढोल, एक ताशा, एक शिंग आणि सगळं गाव उभं. मी हात हलवून नको नको म्हणत होते, त्यांना वाटलं बाई खुशीत आहे. शेटांच्या गळ्यात हार पडला. ढोल सुरू झाला तो थेट राईत, देवीच्या चौथऱ्यापर्यंत. कुणीतरी हौशी पोरानं दोन आपटबारही फोडले.

राईत घुसताना मला वर पानांत खळबळ दिसली. मग खॅक खॅक असा इशारा. मग सबंध कळप, म्हाताऱ्या नरापासून पोटाशी पिल्लं धरलेल्या माद्यांपर्यंत, फांद्यांवरून वरच्या कड्याकडे आणि कड्यापलीकडे. शेट तेव्हा खाली मान घालून गुलाल झटकत होते. त्यांनी मान वर केली तेव्हा राईत पक्षीसुद्धा नव्हता.

आम्ही बसून राहिलो. जेवण झालं, तांदळाची भाकरी, कुळथाचं पिठलं, शेटांसाठी मुद्दाम केलेली खीर. पाटील दर थोड्या वेळानं म्हणायचे, "येत्याल, येत्याल, हितंच असत्यात." उन्हं कलली तशी शेट उठले, पायात जोडा घातला आणि मला म्हणाले, "बाई, माल नाही." मी मोटारीत रडले हो, लपवून काय ठेवायचं? माझी नोकरी गेली असती तरी एवढं वाईट वाटलं नसतं. गावाचा तर चेहराच उतरला होता. ज्यानं शिंग फुंकलं तो मोटारीपर्यंत आमच्यामागे हात जोडून आला होता.

पण गावात त्यानंतर वेगळंच घडलं. दुसऱ्या दिवशी वानरं परत आली नाहीत, तिसऱ्या दिवशी नाहीत. बाबू गुरवांनी चौथऱ्यापुढे उभं राहून सांगितलं की देवी रुसून माहेरी गेली, आपली लेकरं घेऊन गेली. माहेरी गेलेल्या बाईच्या घराला तिच्यामागं कुणी हात लावत नाही. म्हणून वानरं परत येईपर्यंत राई पाळायची. पाळायची म्हणजे कुऱ्हाड न्यायची नाही, पंचांनी कागदावर अंगठा द्यायचा नाही, राईविषयी व्यवहाराचं बोलणंसुद्धा करायचं नाही. हे त्यांच्या आजोबांच्या वेळचं होतं, एकदा वणव्यानंतर पाळलेलं. गुरवांना देऊळ हवं होतं, तरी त्यांनी हे सांगितलं. त्या माणसाचं मला आजही कौतुक वाटतं. मुकादम म्हणाला, देवी गेली तर राई मोकळीच झाली की. त्यावर गुरव म्हणाले, "तुजी बायकू माहेरी ग्येली तर शेजारी तुजं दार काडून न्येतो का?" पण मुकादम हलला नाही. वानरं आली की पाळणं संपणार आणि पंच अंगठे देणार, हे त्यालाही ठाऊक होतं. पाऊस पडायच्या आत झाडं तुटून भट्ट्या लागायला हव्यात, नाहीतर सबंध हंगाम वाया. म्हणून तो रोज डोकं वर करून राईत बघत हिंडायचा.

वैशाख संपत आला तेव्हा मी पुन्हा गेले. काही करता येतं का बघावं म्हणून. हौसाकाकू मला हात धरून राईच्या वरच्या टोकाला घेऊन गेली. तिथे उंबरावर अख्खा कळप बसलेला. पिल्लं शेपट्या ओढतायत, माद्या एकमेकींचे केस विंचरतायत. माझ्या तोंडून निघालं, "अगं बाई, आली की."

"काय आलं?"

"वानरं."

"कुटं हायेत? मला तर न्हाई दिसत." तिनं माझ्याकडे नजर रोखली.

मग तिनं सगळं सांगितलं. वानरं चार-आठ दिवसांतच आली होती. सगळ्यात आधी पाणी भरायला जाणाऱ्या बायकांनी पाहिली. पाणवठ्यावरच ठरलं की सांगायचं नाही. बायकांनी पोरांना दटावलं, मग हळूहळू पुरुषांनाही दिसायला लागली, पण बायको समोर उभी असताना कुठला नवरा म्हणणार की दिसली? मनातून त्यांनाही ढोलाची बोच होतीच. मुकादमानं दोनदा गुरवांना वानरं बोटानं दाखवली. गुरवांना दिसत नाही. ते हौसाकाकूला विचारतात, ती म्हणते न्हाईत. ऐकू येतंय की काहीतरी, असं ते म्हणतात. ती म्हणते, वारं हाय. आणि मुकादमाचा शब्द गुरव घेत नाहीत, कारण त्याचा त्यात स्वार्थ आहे.

"पावसापातुर निभलं की झालं," काकू म्हणाली. "मग त्यो भट्टी काय पाण्यात लावतो?"

मी पुण्याला परतले ती तोंडाला कुलूप लावून. माझ्या धंद्यात मी कायम लोकांना वानरं दाखवायला धडपडले, आणि आता वानरं आहेत हेच मला कुणाला सांगता येईना. शेटांना सांगावं तर ते येणार, बघणार, कदाचित पैसेही देणार. पण मंडळाची बैठक, शेटांचा विचार, मग पैसे गावात पोचणार, तोपर्यंत बातमी फुटलेली आणि अंगठे उमटलेले असणार. मी गप्प बसले.

आणि एक दिवस सकाळी शेटांची मोटार आमच्याच दारात. रिकाम्या हातानं परत आलेलं त्यांना खुपत होतं. धंद्यातला माणूस, माल बघायला गेला आणि बघून आला नाही, हे त्यांच्या मनातून जाईना. "चला. या वेळी ढोल नको." मी काय काय सांगितलं! ऊन फार आहे, रस्ता खराब आहे, पौडला देवीच्या रोगाची साथ आहे. त्यांनी मला सरळ विचारलं, "बाई, वर्षभर या या करत होतात. आज येऊ नका म्हणता. काय भानगड आहे?"

मोटारीत चालक होता म्हणून तलावापर्यंत मी बोलले नाही. चढणीला लागल्यावर सगळं सांगितलं. शेवटी म्हटलं, "शेट, वर वानरं असतील. तुम्हाला दिसतील. पण दिसली म्हणू नका."

ते थांबले. एवढे चिडलेले मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. "म्हणजे मला खोटं बोलायला नेताय?"

"बोलू नका. नुसते गप्प राहा."

"मी गप्प राहीन. पण मला कुणी विचारलं तर मी खोटं सांगणार नाही. देवीसमोर तर नाहीच. आधीच सांगून ठेवतो." आणि ते माझ्यापुढे भराभरा चालायला लागले.

वर चौथऱ्यापाशी बाबू गुरव बसलेले, शेजारी मुकादम. हौसाकाकू झाडू घेऊन उभी. गावातली चार-पाच माणसं पाटलांसकट सावलीला. आणि वानरं म्हणाल तर चौथऱ्याच्या मागच्या भिंतीवर, आंब्यावर, जांभळीवर. एक मादी देवीपासून हाताच्या अंतरावर बसून पिल्लाला पाजत होती. सगळी माणसं इकडेतिकडे, जमिनीकडे, एकमेकांच्या पायांकडे बघत होती. वर कुणीच बघत नव्हतं. मला हसू येत होतं.

मुकादमानं संधी सोडली नाही. तो उठून गुरवांना म्हणाला, "माजं ऐकू नगा. गावाचंबी ऐकू नगा. ह्ये पुण्याचं शेट आलंत. ह्यांच्या शब्दाला बाजारात मोल हाय. ह्यांना राईचं देनं न्हाई, घेनं न्हाई. ह्यांना इचारा."

गुरव काठी टेकत उठले. आवाजाच्या दिशेनं तोंड करून त्यांनी हात जोडले. "शेट, तुमी बाहेरचं मानूस. देवीच्या म्होरं हुबं हायेत. वानरं आली का?"

शेटांनी वर पाहिलं. सावकाश, एका झाडावरून दुसऱ्या झाडावर. दुकानात तराजूचा काटा स्थिर व्हायची वाट बघताना ते असेच बघत. मग त्या पाजणाऱ्या मादीकडे. मग हौसाकाकूकडे. काकूनं झाडू छातीशी धरला होता. 

"मी मागे आलो होतो," शेट म्हणाले, "तेव्हा इथे वानरं नव्हती."

"आनि आज?"

"आजही नाहीत."

एवढं बोलून ते जोडे काढून चौथऱ्यापाशी गेले, वाकले, बराच वेळ वाकलेलेच राहिले. मादी तिथेच बसून होती.

मुकादमानं पुढच्या आठवड्यात बस्तान हलवलं. ही राई वाचली. पण त्याला हंगाम वाया घालवायचा नव्हता. तो कड्यापलीकडच्या खोऱ्यात उतरला आणि तिथली राई मृगाच्या आत साफ केली. तिथे ढोल वाजला नव्हता, तिथे आमची कुणाशी ओळखही नव्हती. त्या राईतली वानरं कुठे गेली मला माहीत नाही. मंडळाच्या कामाचं कुणी कौतुक केलं की मला ते खोरं आठवतं आणि माझा जीव कसनुसा होतो. आमच्या गावाला पुढच्या वर्षापासून दरसाल काही देण्याची सोय आम्ही केली, पैलवानांचे नारळ, डाळीचं पीठ, पेरू, शाळेतल्या पोरांचं मूठमूठ धान्य, असं करत करत. दामूशेटांचं त्यात काही नव्हतं.

त्याचं कारण त्या दिवशी परतताना कळलं. मोटारीत बसल्यावर शेट माले गाव मागे पडेपर्यंत खिडकीबाहेर बघत होते. चालक पुढे आहे याचीही त्यांना फिकीर नव्हती.

"बाई, सारा जन्म दुकानात गेला," ते म्हणाले. "तराजूवर हात ठेवून कधी खोटं बोललो नाही. बापाला तसा शब्द दिला होता." त्यांचे डोळे भरले होते. त्यांनी उपरण्यानं पुसले आणि माझ्याकडे वळून रागानं म्हणाले, "तुम्ही आज माझ्याकडून काय घेतलंत, कळतंय ना तुम्हाला? आता त्यावर पैसे मागायला येऊ नका."

"नाही येत, शेट," मी म्हटलं.